‘अक्का आणि मी’ची सव्वीस मिनिटं

"थांबा! थांबा! थांबा!" असं ओरडत महोत्सव भरवणारा सौमित्र दोन्ही हात हलवत स्टेजकडं धावत आला आणि आम्हाला वाटलं, गडी रंगात येऊन नाचायला लागला. म्हणून आम्ही आणखी जोरात वाजवलं.

चूक आमची नव्हती. अंकुश आणि मी, आम्ही दोघं भावंडं वरातीत वाजवून मोठी झालेली. समोर कुणी दोन्ही हात हलवत ओरडायला लागला तर त्याचा एकच अर्थ आम्हाला माहीत होता: नवऱ्याच्या दोस्ताला गाणं आवडलंय, आता ह्याच चौकात अर्धा तास मुक्काम. सौमित्र जितका ओरडला तितके आम्ही चेकाळलो. शेवटी त्यानं स्टेजवर उडी मारली आणि माझ्या बेंजोच्या तारांवर पालथा हातच ठेवला.

"अहो, साउंड चेक आहे हा," तो धापा टाकत म्हणाला. "आवाज कळला मला. आता फक्त गाण्याचा शेवट वाजवून दाखवा. म्हणजे लाइटवाल्याला कळेल."

मी अंकुशकडं बघितलं. अंकुशनं माझ्याकडं बघितलं.

"कशाचा?" अंकुशनं विचारलं.

"गाण्याचा. तीन गाणी आहेत ना तुमची? मग तीन शेवट."

"तीन?" अंकुशचा चेहराच पडला. "आमच्याकडं एकबी न्हाई की ओ."

सौमित्र आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही हसत नाही. मग तो स्टेजच्या कडेला खाली बसला.

बारा वर्षं झाली त्याला. पुण्यातलं उघडं नाट्यगृह, रविवारची दुपार, दोन वाजलेले. चारला कार्यक्रम. ‘नवी गाणी, नवी माणसं’ असं काहीतरी त्या महोत्सवाचं नाव होतं आणि त्यातली सगळ्यांत नवी माणसं आम्ही होतो, कारण आम्ही त्याआधी स्टेजवर चढलोच नव्हतो.

आबांची, म्हणजे आमच्या वडलांची, विट्याजवळ ‘दिलखूष बेंजो पार्टी’ होती. बेंजो म्हणजे आमच्या सांगली-कोल्हापूरकडचं वाद्य. लाकडी खोकं, त्यावर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्यानं तार छेडायची आणि कर्ण्यातनं आवाज असा काढायचा की शेजारच्या गावातल्या म्हशीनं पान्हा चोरला पाहिजे. चुलता पार्टी सोडून गेला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. बेंजोला माणूस नव्हतं आणि मला घरी ऐकून ऐकून सगळं येत होतं. आबांनी दोन दिवस विचार केला आणि टेम्पोच्या हौद्याला आतनं जाड निळा पडदा शिवून घेतला. पडद्याच्या आत मी, बाहेर अंकुश गळ्यात ताशा घेऊन आणि बाजूला ताल वाजवायचं इलेक्ट्रिकचं पॅड.

"पोरगी वाजवती म्हणून कुणाला कळाय नको," आबा म्हणाले. "उद्या तुला नाव ठेवत्याल. वाजप्याची पोरगी म्हनत्याल."

आठ वर्षं मी असं वाजवलं. अख्खा तालुका माझ्या बेंजोवर नाचला आणि मी निळं कापड बघितलं.

आता वरातीत गाणं कधी संपतं? संपतच नाही. एकातनं दुसरं निघतं, दुसऱ्यातनं तिसरं. नवरा मांडवाच्या दारात घोड्यावरनं उतरला की आबा टेम्पोच्या पुढं उभे राहून उजवा हात सरळ वर करायचे. हात वर झाला, वाजप बंद. मग शब्द अर्धा तोंडात असला तरी गिळायचा. मला पडद्याआडनं दिसायचं नाही म्हणून पडद्याला एवढंसं भोक पाडलेलं होतं, फक्त आबांचा हात दिसण्यापुरतं. त्यामुळं अंकुशनं स्वतःची गाणी बांधायला सुरुवात केली तेव्हा त्यांना शेवट लावायचा असतो हे आम्हाला कोण सांगणार? त्याची गाणी म्हणजे काय, तर एक एसटीच्या कंडक्टरवर, एक आईच्या मिक्सरवर. लोकांनी सांगितलेल्या दोन गाण्यांच्या मध्ये आम्ही आमचं एक हळूच सरकवायचो. पब्लिकला वाटायचं, कुठल्यातरी नव्या पिक्चरचं असणार. पब्लिक नाचायचं.

सौमित्र दोस्ताच्या लग्नाला विट्याला आला होता. वरात सोडून तो आमच्या टेम्पोमागनं चालत राहिला आणि मांडवात न जाता आबांना म्हणाला, "काका, हे शेवटचं गाणं कुणाचं? आणि आत कोण वाजवतंय?" आबांनी लई आढेवेढे घेतले. शेवटी पडदा बाजूला केला. मी आत घामानं निथळत भेळ खात होते.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. ग्रुपचं नाव विचारलं. अंकुश म्हणाला, "ग्रुप कुठला आलाय? अक्का आणि मी." त्यानं तेच पोस्टरवर छापलं.

आता खरी अडचण सांगते, कारण ती त्या दुपारी टेम्पोत आमच्याबरोबरच आली होती. नवी कोरी लोखंडी ट्रंक, आबांनी आदल्या रात्रीच चढवून ठेवलेली. वर पेंटरनं लाल रंगात लिहिलेलं, ‘कु. उर्मिला मारुती ऐवळे, पोलीस’, आणि आबांनी सांगितलं नसताना कोपऱ्यात एक गुलाबाचं फूलही काढलेलं. मी पोलीस भरतीत लागले होते. आमच्या अख्ख्या भावकीत पहिली सरकारी नोकरी. आबांनी गावभर पेढे वाटले. वीस वर्षं त्यांना "ए वाजप्या" म्हणून हाक मारणाऱ्या माणसाला त्यांनी घरी जाऊन दोन पेढे दिले आणि तो खाईपर्यंत समोर उभे राहिले.

ट्रेनिंगला सोमवारी सकाळी नऊला हजर व्हायचं होतं. म्हणजे दुसऱ्याच दिवशी. नऊ महिने, सुट्टी नाही. आणि सौमित्रनं फोनवरच सांगून ठेवलं होतं, की लोकांना आवडलं तर पुढच्या पंधरवड्यापासनं सात शहरांत आठ कार्यक्रम आहेत, पण दोघं असाल तरच.

आबांची अट एका ओळीची होती. "इतवारी वाजवा, सोमवारी हजर."

अंकुश हो म्हणाला. मी हो म्हणाले. पंधरा मिनिटं वाजवायचं आणि ‘अक्का आणि मी’ खलास. त्यावर तिघांनीही बोलायचं नाही हे न ठरवता ठरलं होतं.

तर शेवट. सौमित्रनं आम्हाला दोन तास दिले आणि नाट्यगृहामागच्या पाण्याच्या टाकीकडं पिटाळलं.

"आबा, तुम्हीच स्टेजसमोर उभं राहून हात वर करा की," अंकुश म्हणाला. "सोपं काम."

"मी?" आबा टेम्पोच्या फळीवर बसून तंबाखू मळत होते. "त्या शिकल्यासवरल्या लोकांत म्हातारा हात वर करून हुबा राहिला, तर म्हनत्याल ह्याला मुतायला जायाचंय."

"मग काय करायचं?"

"अक्काला मान हलवू दे. तिनं मान हलीवली की दोगंबी बंद."

झालं. मी मान हलवायला शिकले. हसू नका, सोपं नव्हतं. पहिल्यांदा मान हलवली तर मी थांबले आणि अंकुश सुसाट. दुसऱ्यांदा अंकुश थांबला आणि माझा हातच थांबेना. तिसऱ्यांदा मानेवर माशी बसली म्हणून मी मान झटकली तर अंकुशनं गाणं सुरू व्हायच्या आतच संपवलं. टाकीवर पाणी भरायला आलेला रखवालदार घागर खाली ठेवून बघत बसला. "काय नाटक आहे का?" त्यानं विचारलं. विसाव्या वेळेला मात्र जमलं. मी मान हलवली, आणि धाड, दोघं एकदम बंद. मागं नुसतं पाणी गळल्याचा आवाज. इतकं छान वाटलं की आम्ही आणखी पाच वेळा नुसता शेवटच वाजवला.

"अक्का, आता आपुन संपलो तरी चालंल," अंकुश म्हणाला, आणि मग त्यालाच ते कसंतरी वाटलं. तो ताशाची दोरी आवळायला लागला.

चार वाजता निवेदन करणारी बाई माइकपुढं गेली आणि गोड आवाजात म्हणाली, "आणि आता तुमच्यासमोर येत आहेत, अक्का आणि मी!" लोकांना वाटलं, बाईच गाणार. त्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. बाई लाजून आत पळाली आणि आम्ही बाहेर आलो. मी लग्नात नेसायची मोरपंखी साडी, अंकुश पार्टीचा सोनेरी झालरीचा लाल कोट. समोर दगडी पायऱ्यांवर सातआठशे माणसं. सुती कुडते, चष्मे, हाताची घडी.

आई शप्पथ सांगते, मी आधी पडदा शोधला. एवढी माणसं आणि मध्ये कापड नाही.

कंडक्टरचं गाणं सुरू केलं. कुणी हललं नाही. वरातीत माणूस आपल्यासमोर उभा राहून ऐकायला लागला तर समजायचं, त्याचा पाय मोडलाय. दोन मिनिटांनी मात्र पुढच्या ओळीतली एक बाई मान डोलवायला लागली. तिच्या शेजारचा नवरा हसला. मी मान हलवली. धाड. दोघं बंद.

आणि टाळ्या.

तुम्हाला ह्यातली गंमत कळायची नाही. वरातीत वाजवणाऱ्याला टाळ्या नसतात. गाणं थांबलं की लोक जेवायला पळतात. मी मागं वळून बघितलं, की कोण आलं स्टेजवर. मागं कुणीच नव्हतं.

दुसरं मिक्सरचं. त्यालाही शेवट बरोब्बर पडला. आता हातांच्या घड्या सुटल्या होत्या. सौमित्र कडेला उभा राहून अंगठा दाखवत होता. आबा डाव्या बाजूला, पायऱ्यांच्या टोकाला, दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी. नऊ मिनिटं झाली होती. राहिलं एक गाणं आणि सहा मिनिटं.

तिसरं होतं ते ‘लाईट गेली’. त्या वर्षी आमच्याकडं दिवसाला बारा बारा तास लोडशेडिंग होतं आणि अंकुशनं ते उकाड्यात अंगणात पडून बांधलं होतं:

*लाईट गेली गं, पंखा फिरतोय,*
*बटण बंद हाय अन् मी फिरतोय!*

बस्स, एवढंच. बाकी सगळं नुसतं फिरणं. अंकुशनं पहिली ओळ म्हटली आणि पायऱ्यांवर खसखस पिकली. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा चारपाच पोरं बरोबर म्हणाली. तिसऱ्यांदा अर्धं नाट्यगृह. ती पुढच्या ओळीतली चष्मेवाली बाई उठली, चपला काढून नवऱ्याच्या हातात दिल्या आणि नाचायला लागली. नवरा चपला डोक्यावर धरून नाचायला लागला. मग धरणच फुटलं! कुडते, चष्मे, झोळ्या, सगळं एकात एक. एक आजोबा काठी हवेत गरागरा फिरवत होते, पंखा म्हणून. मला इतकं हसू आलं की बटणं दिसेनात.

मान हलवायची ती जागा आली. अंकुशनं माझ्याकडं बघितलं.

मी बेंजोकडं बघत होते.

अंकुशनं एक फेरी जास्त मारली आणि पुन्हा बघितलं. मी पुन्हा खाली. "अक्का!" तो दोन ओळींच्या मध्ये ओरडला. "मान!" लोकांना तोही गाण्याचाच भाग वाटला. पुढच्या फेरीत सातशे माणसं ओरडली, "अक्का! मान!"

पंधरा मिनिटं झाली. सौमित्र घड्याळ दाखवायला लागला. अठरा झाली. तो दोन्ही हात हलवायला लागला, आणि आता तर त्याला बघून पब्लिकनंही दोन्ही हात हलवायला सुरुवात केली. वीस झाली. पुढचा बँड गिटारी गळ्यात अडकवून विंगेत तयार होता, त्यातला एक जण मांडीवर ताल धरून उड्या मारत होता. सौमित्र शेवटी आबांकडं पळाला. काय बोलला ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण हातवारे दिसत होते. "काका, तुम्ही सांगा! तुमचं ऐकतील!"

आबा माझ्याकडं बघत होते. मी आबांकडं बघितलं. तो उजवा हात वर झाला असता तर माझी बोटं आपोआप थांबली असती. आठ वर्षांची सवय, बोटं मला विचारून थोडीच थांबणार होती.

आबांनी हात पाठीमागनं काढला नाही.

मग सौमित्रनं ते केलं ज्याच्यामुळं आजही लोक आम्हाला ओळखतात. त्यानं विंगेत जाऊन मेन स्विचच पाडला.

कर्णे बंद, पॅड बंद, स्टेजवरचे दिवे बंद. क्षणभर सगळं चूप. आणि मग आठशे माणसं एका दमात बोंबलली:

"लाईट गेली गं, पंखा फिरतोय!"

अहो, स्विच पाडून त्यानं आगीत रॉकेल ओतलं. अंकुशच्या गळ्यातला ताशा काय लाइटवर चालतो होय? त्यानं काड्या अशा फिरवल्या की झालरीचे दोरे उडाले. माझा बेंजो नुसत्या लाकडातनं बारीक किणकिण करत होता, पण कुणाला ऐकायचाय? गाणं आता त्यांचंच झालं होतं. लोक पायऱ्या उतरून स्टेजला भिडले. गिटारवाली पोरं विंगेतनं बाहेर आली आणि वायर न लावता वाजवायला लागली. सौमित्रनं कपाळाला हात लावला आणि मग, स्विच तसाच पाडून ठेवून, स्वतःच गिरक्या घ्यायला लागला.

ते गाणं आम्ही संपवलंच नाही. अंकुशचा घसा बसला, माझी तार छेडायची नखी तुटली आणि आम्ही आत निघून आलो. बाहेर ते चालूच होतं. कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं त्याची एकूण सव्वीस मिनिटं भरली. आठवड्याभरात विट्याच्या मोबाईलच्या दुकानात ते मेमरी कार्डात भरून देत होते आणि पंधरा दिवसांत पार नागपूरच्या लग्नांतनं त्याची फर्माईश व्हायला लागली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं.

टेम्पोत सामान चढवताना सौमित्र आला. शर्ट घामानं भिजलेला.

"मी तुम्हाला जाम शिव्या देणार होतो," तो म्हणाला.

"द्या की," अंकुश बसलेल्या घशानं म्हणाला.

"आठही कार्यक्रम पक्के. दोघं असाल तर. उद्या दुपारपर्यंत सांगा, पोस्टर छापायला द्यायचंय." मग त्याची नजर ट्रंकेवर गेली. त्यानं नाव वाचलं, पुढचं ‘पोलीस’ही वाचलं.

आम्ही विट्याकडं निघालो. आबा गाडी चालवत होते, मध्ये मी, कडेला अंकुश खिडकीबाहेर तोंड काढून. मला मधनंच ते काठीवाले आजोबा आठवायचे आणि हसू फुटायचं, आणि मग ट्रंक खड्ड्यात खणखणायची. सुरूरच्या पुढं आबांनी चहाला गाडी थांबवली. दिवस मावळत होता. अंकुश तोंड धुवायला गेला तेव्हा आबा बशीत चहा ओतत म्हणाले, "मान का हलीवली न्हाईस?"

"विसरले."

"पंचवीस येळा शिकून?"

"व्हय."

"खोटं बोलतीस."

मग मी सांगून टाकलं. "आबा, आठ वर्षं वाजवलं मी. माझ्या वाजवण्यावर नाचताना माणसाचं तोंड कसं दिसतं ते मला ठावंच नव्हतं. आज पयल्यांदा बघितलं. मी मान हलवली असती तर ते संपलं असतं. आणि उद्या सोमवार हाय." बोलताना मला रडू आलं, आणि रडतानाच पुन्हा हसू आलं, कारण ती चपलावाली बाई डोळ्यांपुढं आली. लाज वाटली मला. "लई चांगली दिसत होती ओ ती माणसं."

आबांनी बशीत आणखी चहा ओतला.

"मग तुमी का हात वर केला न्हाई?" मी विचारलं.

"हात दुखत हुता," आबा म्हणाले. चहा पिऊन उठले. "सकाळी साताला निगायचं. आवरून ठेव."

म्हणजे ठरलं. अंकुशनं ते ऐकलं आणि तो मागं हौद्यात जाऊन बसला.

सोमवारी सकाळी ट्रेनिंगच्या फाटकाच्या आत तीस-चाळीस पोरींची रांग. प्रत्येकीजवळ ट्रंक, प्रत्येकीमागं बाप. कुणाचे डोळे ओले, कुणी घोटघोट पाणी पितंय. टेबलापाशी मिशीवाले एक हवालदार रजिस्टर घेऊन बसलेले. माझी ट्रंक अंकुशच्या खांद्यावर. आबा दहा पावलं लांब, लिंबाच्या झाडाखाली. नावं पुकारली जात होती आणि पोरी खणखणीत "हजर!" म्हणत होत्या. मी मनात म्हटलं, उर्मे, एक शब्द म्हणायचाय. म्हण आणि सुट.

"ऐवळे उर्मिला मारुती!"

"हजर न्हाई," मी म्हणाले.

हवालदारांनी हजेरीचं पेन टेकवलं आणि उचललं. चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. "मग ही कोन हुबी हाय? तुझं भूत?"

"मीच हाय साहेब. पण हजर न्हाई."

मागं अंकुशच्या खांद्यावरनं ट्रंक धाडकन खाली पडली. रांगेतल्या दोन पोरी फिस्सकन हसल्या. मलाही हसू यायला लागलं होतं, काय करणार.

"डोकं ठिकाणावर हाय का पोरी?" हवालदार म्हणाले. आवाज तसा मायाळू होता. "हजारो पोरी रडत्यात हितं यायला. अर्ज द्यावा लागंल. आणि कारण लिहावं लागतंय. काय लिहू कारण?"

पोटदुखी लिहिणार की लग्न? तेवढ्यात झाडाखालनं पावलं वाजली. आबा. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता चारचौघांत कानाखाली बसणार. आणि बसली असती तरी मी काही म्हणणार नव्हते, इतके पेढे वाटले होते त्या माणसानं.

"लिवा," आबा म्हणाले. "वाजवती."

"काय करती?"

"वाजवती. बेंजो." आबांनी टोपी नीट केली आणि आवाज चढवला, शेवटच्या पोरीच्या बापालाही ऐकू जाईल इतका. "आमी वाजंत्री हाय, सायेब. चार पिढ्यांचं. माझी पोरगीबी वाजवती. लिवा तसंच."

मी डोळे उघडले. ते माझ्याकडं बघत नव्हते, हवालदारांच्या पेनाकडं बघत होते. आठ वर्षं जे त्यांनी पडद्याआड ठेवलं होतं ते शब्दाला शब्द कागदावर उतरेपर्यंत ते हलले नाहीत. मग मला सही करायला सांगितलं. मी केली. ‘ऐवळे’ जरा वाकडं आलं.

हवालदारांनी कागद उलटा ठेवला, इकडंतिकडं बघितलं आणि पुढं झुकून हळूच आबांना विचारलं, "बेंजो पार्टी आपली सोताची का? न्हाई, वैशाखात मेव्हण्याचं लगीन हाय. एखादी तारीख मोकळी असली तर बगा. पन हीच पोरगी पायजे हां वाजवायला."

"पार्टी येईल," आबा म्हणाले. "ही न्हाई यायची."

"का ओ?"

"आता हिला ऐकायचं म्हंजे तिकीट काडावं लागतंय."